देव जेवतो ते पाणी बघून!

सत्यनारायणाच्या प्रसादाला केळं लागतं. संक्रांतीच्या सुगडात उसाचं कांडं लागतं. आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ठरवून टाकलंय, की ऊस आणि केळीसारखी तहानलेली पिकं शिवारात घ्यायची नाहीत! त्यामुळे तिथल्या देवासाठी या दोन्ही वस्तू गावाबाहेरून आणाव्या लागतात.

यात देवाचा अपमान नाही, साधा हिशेब आहे. पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास, तोही पडला तर. १९७२च्या दुष्काळानंतर गाव पार खचलं होतं. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान अशी पंचसूत्री आली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा नियमही झाला. दरवर्षी पाऊस सरला की पाणी मोजायचं, आधी माणसांचं आणि गुराढोरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात पिकं बसवायची. या ताळेबंदातून जे पिकेल, तेच मुख्यतः घरात शिजणार आणि देवापुढे जाणार.

जगभर असंच चालत आलंय. देवाच्या ताटात काय पडणार हे जमीन आणि पाणी ठरवतात. आणि देवाचं झाल्यावर ते कुणाच्या पोटात जाणार हे माणसं ठरवतात. नाईलकाठचा प्राचीन इजिप्त आणि आपला महाराष्ट्र यांची पानं शेजारी शेजारी मांडली, की गंमत दिसते. चला, बसा पंगतीला.

रोज साडेपाच हजार पाव

नाईलचा पूर ओसरला की मागे काळा गाळ उरायचा. त्यात गहू आणि सातू पिकायचे. त्यामुळे इजिप्तच्या देवांचं मुख्य अन्न म्हणजे पाव आणि सातूची बिअर. मेदिनेत हाबू इथल्या राजा तिसऱ्या रामसेसच्या मंदिराच्या भिंतीवर नैवेद्याची यादीच कोरलेली आहे. तिच्यावरून अभ्यासकांनी मांडलेला रोजचा हिशेब असा: सुमारे ५,५०० पाव आणि २०४ घडे बिअर. ही रोजची शिधापत्रिका. सणावाराची यादी निराळी.

आपल्याकडे नगरच्या पट्ट्यात देवालाही बाजरी गोड लागते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, गाजर, हरभरा, घेवडा, वाल एकत्र शिजवलेली लेकुरवाळी भाजी. चंपाषष्ठीला खंडोबाला बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात. काजू-बदामाचं नाव नाही. त्या दिवसांत रानात जे असतं ते देवाच्या ताटात, सरळ मामला.

हिवरे बाजारात इजिप्तच्या देवांची पंचाईत झाली असती

रोज दोनशे घडे बिअर पिणारे देव नशाबंदीच्या गावात कसे राहणार? आणि त्यांची बिअर काही हौसेची नव्हती. इजिप्तच्या एका कथेत तर तिनेच माणसांचा जीव वाचवलाय. सूर्यदेव रा माणसांवर चिडला आणि त्याने देवीला संहाराला पाठवलं. देवी पेटली ती थांबेना. मग रातोरात ७,००० घडे बिअर तयार केली, तांबडी माती कालवून ती रक्तासारखी लाल केली आणि शेतात ओतली. देवी रक्त समजून प्यायली, झिंगली आणि संहार विसरून परत फिरली!

आपल्या देवांनाही पेयाचं वावडं नाही, पण ते गावागणिक बदलतं. ज्येष्ठा गौरीला ज्वारीची आंबील. कोकणात गावच्या राखणदाराला वर्षाची राखण देताना कोंबड्याबरोबर काही ठिकाणी दारूचा घोटही ठेवतात. आणि नगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात देव तेलावर खूश!

देवालाही थकवा येतो

इजिप्तमध्ये देवाचा दिवस पुजाऱ्याच्या हातून सुरू व्हायचा. पहाटे गाभाऱ्याच्या दाराचं मातीचं सील फोडायचं, स्तोत्र म्हणून देवाला उठवायचं, जुनी वस्त्रं उतरवायची, सुगंधी तेल लावायचं, नवी वस्त्रं नेसवायची, मग जेवण. निघताना शेवटचा पुजारी झाडूने स्वतःची पावलं पुसत पुसत मागे यायचा. गाभाऱ्यात माणसाची खूण उरायला नको.

पंढरपूरकराला यातलं काहीच नवखं वाटणार नाही. पहाटे काकडा, मग लोणी-खडीसाखर, दुपारी महानैवेद्य, रात्री शेजारती. पण विठ्ठलाची एक गोष्ट इजिप्तच्या देवांकडे नाही. आषाढी-कार्तिकीला त्याचा पलंगच काढून ठेवतात. गर्दी एवढी, की देवाला झोपायला सवड नाही. चोवीस तास उभं राहून दर्शन द्यायचं. यात्रा आटोपली की प्रक्षाळपूजा. लिंबू-साखर लावून पाय चोळायचे, ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं आणि रात्री शिणवटा जावा म्हणून औषधी काढा द्यायचा. जगात देवाला पक्वान्नं देणारे भक्त पुष्कळ. ओव्हरटाइम झाला म्हणून काढा देणारे वारकरीच.

कांदा चार महिने रजेवर

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. कांदाभजी, कांद्याची थालीपीठं, भरली वांगी, जे काय चापायचं ते चापून घ्यायचं. कारण दोन दिवसांनी एकादशी आणि मग चातुर्मास. पाळणाऱ्या घरात कांदा, लसूण, वांगं बंद. खंडोबाच्या भक्तांचं वांगं तर थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला सुटतं, तेही आधी देवाला दाखवून.

इजिप्तचे पुजारी याहून कडक. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात त्यांच्याविषयी लिहून ठेवलंय: दिवसा दोनदा आणि रात्री दोनदा अंघोळ, एका दिवसाआड सर्वांगाचं क्षौर, अंगावर फक्त लिननचं वस्त्र, मासे वर्ज्य. आणि एक कडधान्य तर असं, की खायचं दूरच, त्याच्याकडे बघायचंही नाही! आपल्या आज्ज्यांचं सोवळं परवडलं. त्यांनी वालाच्या उसळीकडे बघायला तरी कधी मनाई केली नाही.

देव जेवला, पुढे?

इतके पाव देव खाणार कसे? इजिप्तचं उत्तर स्पष्ट होतं. देव अन्नातलं सत्त्व घेतो, पदार्थ तसेच राहतात. मग ते ताट मुख्य देवापुढून धाकट्या देवांपुढे, तिथून पूर्वजांच्या पुतळ्यांपुढे आणि शेवटी पुजारी-सेवकांच्या घरी. मंदिर म्हणजे एक मोठं कोठार आणि भटारखाना, आणि नैवेद्य हाच पुष्कळांचा पगार. मंदिरांना दिलेल्या देणग्यांची तिसऱ्या रामसेसची यादी ज्या पपायरसवर आहे, तो गुंडाळा सुमारे ४१ मीटर लांब आहे. सध्या मुक्काम ब्रिटिश म्युझियम, लंडन.

आपल्याकडे तर ताट दाखवायचं आणि आत न्यायचं, एवढाच काळ देवाचा. पानाखाली पाण्याचं चौकोनी मंडल, वर तुळशीचं पान, भोवती पाण्याची धार, डोळे मिटून 'प्राणाय स्वाहा', आणि पोरांची नजर पुरणपोळीवर! तोवर चव बघायची नाही, मीठ कमी पडलं तरी.

देवाचं ते सगळ्यांचं, याचा मोठा नमुना नगर जिल्ह्यात बघायला मिळतो तो सप्ताहात. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या हरिनाम सप्ताहाला पंचक्रोशीतून भाकऱ्या येतात, घराघरांत थापलेल्या, ट्रॅक्टर भरभरून. आमटी तिथेच कढईत उकळते. भाकरी कुणाच्या तव्यावरची आणि ती खाल्ली कुणी, याचा पत्ता कुणालाच लागत नाही. नैवेद्याची अशी सरमिसळ करायला मंदिराचं कोठारही लागत नाही, नुसतं मोकळं रान पुरतं.

नाही तर अक्षता आहेतच

पूजेला बसलेल्या यजमानाला ठाऊक असतं, की काही कमी पडलं तर घाबरायचं नाही. गुरुजी शांतपणे म्हणतात, 'अलंकारार्थे अक्षतां समर्पयामि.' सोन्याचा हार नाही? अक्षता. वस्त्र नाही? अक्षता. पळीभर तांदळात सगळं भागतं.

इजिप्तने हीच युक्ती लाकडात केली. इसवी सनापूर्वी २०००च्या सुमारास मेकेत्रे नावाचा बडा अधिकारी होऊन गेला. १९२० साली त्याच्या थडग्यात लाकडी खेळण्यांसारखी एक अख्खी वसाहत सापडली: बेकरी, बिअरचा कारखाना, धान्याचं कोठार, गोठा, खाटीकखाना, आणि त्यात राबणारी इवलाली माणसं. म्हणजे पुढच्या पिढ्या नैवेद्य आणायला विसरल्या, तरी पाव भाजणं चालू! त्यातली काही आज कैरोत, काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात.

आणि लाकडी बेकरीवरही भागत नसेल, तर? थडग्यावर विनंती कोरलेली असायची: जाणाऱ्या-येणाऱ्यांनो, पाव, बिअर, बैल, पक्षी यांची नावं घेऊन माझ्यासाठी नैवेद्याचा मंत्र तेवढा म्हणा, तुमचा नुसता तोंडचा वारा खर्च होईल. आपली मानसपूजा याच जातकुळीतली. ना गॅस, ना भांडी घासायची कटकट.

पितरांना वाटीवर पत्र

पितृपक्षात आपण खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी असं पान वाढतो आणि गच्चीवर जाऊन 'काऽव काऽव' करतो. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना, तर घाटावर कुजबुज सुरू होते. काय राहिलं असेल मनात? मग कुणीतरी पुढे होतं, 'धाकटीचं लग्न आम्ही करू', 'आईला अंतर देणार नाही', असा शब्द देतं. तरीही कावळा हटून बसला, तर दर्भाचा कावळा करून शिववतात.

इजिप्तचे लोक मात्र थेट पत्रव्यवहार करायचे, आणि तोही जेवणाच्या वाटीवर. मृतासाठी अन्न ठेवायच्या मातीच्या वाडग्यात आतून मजकूर लिहायचा. तो जेवायला आला की वाचेलच! कैरोच्या संग्रहालयातल्या अशा एका वाडग्यात घरची बाई मृत माणसाला खडसावते: मोलकरीण आजारी आहे, तिचं तू रक्षण का करत नाहीस? आपल्याकडे मेलेला माणूस अडून बसतो आणि जिवंत माणसं वचन देतात. त्यांच्याकडे जिवंत माणसं मेलेल्याला कामाला लावायची.

बैलाला आवतण

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलाच्या जू वाहणाऱ्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि कानात सांगायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' दुसऱ्या दिवशी झूल, बेगडं, शिंगांना रंग, आणि पहिली पुरणपोळी बैलाला. वर्षभर राबलेल्याला वर्षातून एकदा का होईना, यजमानाआधी जेवण.

इजिप्तमध्ये मेम्फिसचा एपिस बैल हा तर चालताबोलता देवच. विशिष्ट खुणा असलेला एकच बैल निवडायचा, तो मरेपर्यंत मंदिरात राजेशाही खाणंपिणं, मेल्यावर ममी. सक्कारा इथली या बैलांची भुयारी दफनभूमी ऑग्यूस्त मारिएतने १८५१ साली शोधली. आत एकेक दगडी पेटी मोटारगाडीहून जड. मेम्फिसचा एकच बैल देव, आपल्या पोळ्याला दावणीचे झाडून सगळे.

गाईचा मान वसुबारसेला. त्या दिवशी तिला बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी, आणि उपास करणाऱ्या बाईला गाईचं दूध-तूप वर्ज्य, कारण त्या दिवशी दुधावर हक्क वासराचा. हिवरे बाजारात हा सण आता भरल्या गोठ्यात होतो. नव्वदच्या दशकात तिथे दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास दूध निघायचं, आज हजारो लिटर निघतं. चराईबंदीने डोंगरावर गवत राखलं, ते कापून आणायची मुभा ठेवली, आणि गवताचं दूध झालं.

सूर्याचं जेवण सूर्यावर

इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात अखेनातेन राजाने बाकी देवांना बाजूला सारून सूर्यबिंबाची, आतेनची पूजा चालवली. अंधारा गाभारा रद्द. अमार्नाच्या मंदिरात उघड्या आकाशाखाली नैवेद्याचे शेकडो ओटे, आणि त्यावर मांडलेलं अन्न सूर्याने वरूनच जेवायचं.

शिर्डीत उलटा व्यवहार. तिथे सूर्यच स्वयंपाकाला लागलाय! साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाच्या छपरावर २००९ साली ७३ मोठ्या तबकड्या बसल्या. त्या ऊन गोळा करून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचं भात-वरण शिजतं. स्वतः बाबाही मशिदीच्या अंगणात हंडी चढवून फकिरांना, गोरगरिबांना जेवू घालत असत. तेव्हा लाकूड लागायचं, एवढाच फरक.

कोलंबसाने सोडलेला उपास

एकादशीचं ताट आठवा: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याच्या फोडी, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, तिखटाला हिरवी मिरची. आता यादी तपासा. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, बटाटा, रताळं, शेंगदाणा, राजगिऱ्याचं धान्य, मिरची, सगळ्यांचं माहेर अमेरिका! १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या आणि इतरांच्या गलबतांतून यातले बरेचसे पाहुणे आपल्याकडे उतरले. म्हणजे १२९०मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या ज्ञानदेवांनी आणि त्या काळच्या वारकऱ्यांनी साबुदाण्याची खिचडी पाहिलीसुद्धा नसणार. जुन्या धान्याला उपासाला मज्जाव आणि परदेशी पाहुण्यांना पायघड्या. भगर तेवढी आपली इथली, आणि तीही कमी पाण्यावर येणारी.

एका घरासाठी मशीद

हिवरे बाजारात मुस्लीम कुटुंब एकच, आणि त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधली. नगरच्या पट्ट्यात ताटंही अशीच एकमेकांत मिसळलेली. शहरातला मोहरम नावाजलेला. थोरले इमाम आणि धाकटे इमाम यांच्या सवाऱ्या निघतात, वाटेत सरबत वाटतात, आणि नवस फेडायला चढतो तो मलिदा: चपाती कुस्करून, गूळ-तूप घालून केलेला. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो आणि भक्त घरी नेतात रेवड्या. तीळ, गूळ, चपाती: ज्या शिवारातून नाथाची रेवडी येते, त्याच शिवारातून पिराचा मलिदा.

नैवेद्याचा करारनामा

आपल्या माघारी नैवेद्य कोण ठेवणार, या काळजीवर इजिप्तच्या हापजेफाने वकिली तोडगा काढला. हा असयुत प्रांताचा अधिपती, इसवी सनापूर्वी विसाव्या शतकातला. त्याने मंदिराच्या पुजाऱ्यांशी दहा करार केले. अमुक सणाला इतके पाव, इतकी बिअर, इतक्या दिव्यांच्या वाती माझ्या पुतळ्यापुढे आल्या पाहिजेत. मोबदल्यात ही जमीन, हे उत्पन्न. आणि सगळे करार थडग्याच्या भिंतीवर कोरून ठेवले, पुढे कुणी नाही म्हणायला नको.

आपल्याकडची देवस्थान इनामं याच धर्तीची. देवाच्या दिवाबत्तीला आणि नैवेद्याला जमीन लावून द्यायची, गुरवाने ती खायची आणि सेवा करायची. त्या जमिनींचे वाद आजही महसूल कार्यालयांत आणि कोर्टांत चालू आहेत. देव जेवला की नाही, हा प्रश्न शेवटी सातबाऱ्यावर येतो, तो असा.

प्रसाद आणि पुजाऱ्याची धमनी

शेवटी गोडाचं. इजिप्तमधला प्रसाद पुजाऱ्याच्या घरी जायचा हे वर आलंच. त्यात गाई-बैलाचं मांस, चरबीने थबथबलेले हंस, तुपट-तेलकट पाव, मधाची पक्वान्नं. २०१० साली मँचेस्टर विद्यापीठाच्या रोझली डेव्हिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, की पुजारी आणि त्यांच्या घरच्यांच्या ममींमध्ये रक्तवाहिन्या चोंदल्याच्या खुणा दिसतात, आणि त्यामागे हा रोजचा नैवेद्य असावा. सर्वसामान्य इजिप्शियन माणसाचं जेवण भाकरी-भाजीचं. जड खाणं होतं ते देवाच्या जवळच्या लोकांचं. (ममी बघायला इजिप्तलाच जायला नको. सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या बडोद्याच्या संग्रहालयातही एक आहे.)

तेव्हा गणपतीत दहा घरी आरती, दहा घरी मोदक, मग गौरीचं पुरण आणि त्यावर सत्यनारायणाचा सव्वा पटीतला शिरा, असा कार्यक्रम असेल तर एवढंच ध्यानात ठेवा: प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, पण 'चिमूटभर द्या' म्हणायला कुठल्याच शास्त्राची हरकत नाही.